खात्री न पटलेला माणूस

अंबादासकाका,

काल तुमचं तेरावं झालं. जेवण चांगलं होतं, भाषणं वाईट होती. तुमच्या कचेरीतले एक जुने सोबती टोपी हातात घेऊन, डोळे पुसत म्हणाले, "अंबादासरावांनी उभ्या नोकरीत सरकारचा एक छदाम इकडचा तिकडं होऊ दिला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मनात म्हटलं, अगदी खरं. आणि लोकांचा जो छदाम होता, तोही लोकांच्या हाती पडू दिला नाही.

मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. हे सगळं मी तुम्ही जिवंत असताना तुमच्या तोंडावर तीस वर्षं बोललो आहे, तेव्हा मला तो नियम लागू होत नसावा. होत असला तरी चालेल. नियमांचं कौतुक तुम्हाला होतं, मला नाही.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. "किसनराव, तुम्ही तर घरातलेच." मी उठलो, पाणी प्यालो, आणि "मला बोलवत नाही" म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, गडी गहिवरला. गहिवर नव्हता काका, राग होता. तो मंडपात मावला नसता. म्हणून इथं लिहितो.

तुमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी मी आलो, तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती. दौलताबादच्या किल्ल्याखालचं आमचं गाव. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढं गेलेला मीच पहिला, मॅट्रिक झालेला मीच पहिला, आणि औरंगाबादला कॉलेज निघालं तेव्हा त्यात नाव घातलेला मीच पहिला. हे मी आजही मिरवतो. तेव्हा तर मिरवायला दुसरं काही नव्हतंच. राहायला जागासुद्धा नव्हती. तुम्ही ओसरीच्या कडेची खोली दिलीत. भाडं घेतलं नाहीत. काकूंनी दोन वेळचं ताट दिलं. बदल्यात ठरलं ते एवढंच, की रोज संध्याकाळी मी तुम्हाला इंग्रजी वाचून दाखवायचं.

हे काल कुणी बोललं नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं. तुमचं सगळं शिक्षण उर्दूत. निजामाच्या खजिन्यात तुम्ही लागलात तेच मुळी तुमच्या मोत्यासारख्या उर्दू अक्षरावर. राज्य बदललं आणि कचेरीत इंग्रजी कागद यायला लागले. तुम्हाला ते कळायचे नाहीत, आणि कळत नाहीत हे कचेरीत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मग कागद कोटाच्या आतल्या खिशातून घरी यायचे. काकू दार लोटून घ्यायच्या. मी वाचून मराठीत सांगायचो, तुम्ही पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं उर्दूत उतरवून घ्यायचात. एकोणिसाव्या वर्षी मी सरकारचा मजकूर सरकारच्या माणसाला समजावून सांगत होतो. काय ताठलो होतो मी तेव्हा! गावी गेलो की चालसुद्धा बदलायची माझी.

त्याच कागदांत हालीचे कागद आले.

आजच्या पोरांना हाली म्हणजे काय ते सांगावं लागतं. निजाम गेला, पण त्याचा रुपया बाजारात तसाच फिरत राहिला होता. चारमिनारचा छाप असलेला तो हाली, आणि भारत सरकारचा तो कलदार. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार यायचे. गुलमंडीत दुकानदार आधी विचारायचा, "हाली का कलदार?" आणि मग भाव सांगायचा. एका देशात दोन रुपये, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पुढं ठरलं की हाली मोडीत काढायचा. देशभर एकच रुपया चालेल, आणि त्याची जबाबदारी मुंबईच्या मध्यवर्ती बँकेची. तिच्या वतीनं खजिन्याच्या कचेरीनं लोकांकडून हाली घ्यायचा आणि कलदार द्यायचा. त्या कामाची खिडकी तुमच्याकडं आली.

कॉलेजात आमचे सर नेमकं तेच शिकवत होते. मध्यवर्ती बँकेची कार्यं: चलन काढणं, सरकारचा पैसा सांभाळणं, बाकीच्या बँकांवर देखरेख ठेवणं, अडलेल्या बँकेला शेवटचा आधार देणं, महागाईला लगाम घालणं. सर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, पाठ करायचो. मी घरी येऊन तुम्हाला ऐकवायचो आणि तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकायचात. एकदा म्हणालात, "एवढी कामं एकटी बँक करती? मग बाकीचे काय करतात?" मी हसलो होतो. तुम्हीही हसला होतात. ते हसणं मला आठवतं. तेव्हा मला तुम्ही आवडायचात, हे नाकारत नाही.

मग एका संध्याकाळी तो कागद आला. त्यात कड्या लावलेल्या नाण्यांचं होतं. आपल्याकडच्या बायका हालीचे रुपये सोनाराकडून कडी झाळून घेऊन, दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या. रुपयांची माळ. गरिबाघरची लक्ष्मी ती तेवढीच. अशा नाण्यांचं काय करायचं, असं वरनं कुणीतरी विचारलं असणार. कागदाचा सार असा होता, की नाणं मूळचं ओळखू येत असेल आणि वजनात भरत असेल, तर खिडकीवरच्या अधिकाऱ्यानं आपली खात्री पटल्यावर ते घ्यावं. मी वाचलं, सांगितलं. तुम्ही दोनदा विचारलंत, "खात्री कुणाची?"

"अधिकाऱ्याची."

"म्हणजे माझी."

"तुमचीच, काका."

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मला वाटलं, एवढा मोठा अधिकार मिळाला म्हणून माणूस सुखावला.

माझ्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि हातात काही नव्हतं. माझ्या मायच्या गळ्यात एकवीस रुपयांची माळ होती, तिच्या आईनं लग्नात घातलेली. मी शनिवारी गावी गेलो आणि तिला म्हणालो, "माय, माळ मोडायची नाय. सोनाराकडं चांदीच्या भावानं घालवायची नाय. सरकार सात हालीला सहा कलदार देतंय. मी स्वतः वाचलंय इंग्रजीत."

"खरंच का रं?"

"खरंच. खिडकीवर आपले काकाच हायती."

"मग तर देवच पावला," ती म्हणाली.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं शिकलेल्या पोराच्या शब्दावर गळ्यातली माळ काढली. पैशापेक्षा माझा शब्द त्या दिवशी त्या खिडकीवर जाणार होता. हे तुम्हाला कधी कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

माय आली ती सीताफळांची पाटी घेऊन. सकाळी आधी तुमच्या घरी उतरली. काकूंनी चहा दिला. तुम्ही कोट घालत होतात. तिनं पदर पुढं घेऊन वाकून नमस्कार केला आणि तुम्ही म्हणालात, "पोरगा हुशार आहे हो तुमचा." ती लाजली. तासाभरानं आम्ही मायलेक कचेरीच्या रांगेत उभे होतो. ऊन चढलेलं. रांग मुख्य दरवाजाच्या बाहेर गेलेली. माय माळ पदरात धरून पुढच्या बाईला सांगत होती, "खिडकीवर आमचे पावणेच हायती."

खिडकी आली. तिनं माळ आत सरकवली.

"रुपये हायती, सायब." घरी काका म्हणणारी, तिथं साहेब म्हणाली. तिला रीत कळत होती.

तुम्ही माळ उचललीत. तिच्याकडं पाहिलं नाहीत. एक रुपया नखानं उलटासुलटा केलात, कडीवर बोट फिरवलंत. तासाभरापूर्वी जिची सीताफळं घेतलीत, तिच्या तोंडाकडं बघायची तुमची छाती झाली नाही. म्हणालात, "हा सिक्का नाही, बाई. जेवर आहे, दागिना. सोनाराकडं न्या."

मी मागून म्हणालो, "काका, त्या कागदात लिहिलंय की..."

"कोणत्या कागदात?"

"मागल्या महिन्यात तुम्हाला मी..."

तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही मागच्या टेबलाकडं पाहिलंत. तिथं नवीन आलेले साहेब बसले होते. मग आवाज चढवून म्हणालात, "इथं खात्री माझी पटली पाहिजे. ती पटली नाही. पुढचा!"

तो 'पुढचा!' माझ्या कानात तीस वर्षं आहे. कुणीतरी दार लावून कडी घालावी, तसा आवाज. माय बाजूला झाली. तिच्या पुढची बाई, जिला तिनं खिडकीवर आपले पावणे आहेत म्हणून सांगितलं होतं, ती पायरीवर बसून पैसे कनवटीला खोचत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मायनं तिथंच, सगळ्यांसमोर, माळ परत गळ्यात घातली आणि मला म्हणाली, "चल. ऊन व्हतंय."  स्टेशनात गाडीत चढताना म्हणाली, "बरं झालं रं. गळा मोकळा मोकळा वाटत होता."

तिला राग आला नाही, याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अर्थशास्त्राच्या वहीत परीक्षेच्या फीची पावती निघाली. माझ्या नावानं भरलेली. तुमच्या खिशातून. तुम्ही तसं सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. जेवताना म्हणालात, "काकूंना सांग, वरणात मीठ कमी आहे." बस्स.

काल एकानं हीसुद्धा गोष्ट सांगितली, तुमच्या उदारपणाची साक्ष म्हणून. कुणी तरी काकूंकडून ऐकलेली. लोक हळहळले. आणि मला मंडपातून उठून जावंसं वाटलं. काका, माझ्या मायला उपकार नको होते. तिचा रुपया होता, त्याचा रुपया हवा होता. सरकार बदललं, राजा गेला, छाप बदलला, तरी तुझ्या घामाचा रुपया बुडू देणार नाही, हे मुंबईच्या बँकेनं कबूल केलं होतं. त्या कबुलीच्या खिडकीवर तुम्हाला बसवलं होतं. तुम्ही खिडकीवर हक्क नाकारलात आणि घरी येऊन दान केलंत. दान करणारा मोठा होतो, हक्क देणारा फक्त कामाला जागतो. तुम्हाला मोठं व्हायचं होतं. कामाला जागणं तुमच्यानं झालं नाही.

त्या पावतीवर मी बीए झालो. हेही खरं आहे, आणि हेच गिळत नाही. ज्या माणसाची किळस यावी, त्याच माणसाच्या पैशानं माझ्या नावापुढं दोन अक्षरं लागली. माझ्या गावात मिरवणूक निघाली. मायनं पेढे वाटले आणि पहिला पेढा तुमच्यासाठी पुडीत बांधला. मी तो वाटेत खाल्ला.

पुढं मी बँकेत लागलो. पहिल्या पगारातून तुमची फी परत करायला आलो. तुम्ही प्रत्येक नोट उजेडाकडं धरून पाहिलीत. काकू म्हणाल्या, "अहो, पोरगं बँकेतून आणतंय!" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच बघतोय." ही थट्टा होती की खरं, ते मला आजवर कळलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही कळत नव्हतं.

मी येणं सोडलं नाही. काकूंसाठी, असं मी स्वतःला सांगायचो. दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचो आणि दर दसऱ्याला आपलं भांडण व्हायचं. एका वर्षी मी आपट्याचं पान तुमच्या हातावर ठेवलं तर तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "हे किडलेलं आहे, किसन," आणि परत दिलंत.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, दसऱ्याचं सोनं परत करतं का कुणी?"

"किडलेलं आहे."

"दातपण किडलेत तुमचे. ते परत केले का?"

मी मात्र धरून बसलो. "काका, हे पान आज सोनं कशानं झालं? त्यात सोनं आहे? नाही. तुम्ही, मी, काकू, शेजारचे मौलवीसाहेब, सगळा गाव आज याला सोनं म्हणतो, म्हणून हे सोनं. रुपयाचं तरी दुसरं काय आहे? आधी चांदी तरी होती. आता कागद आहे. सगळ्यांचा विश्वास, एवढंच भांडवल."

"आणि उद्या सकाळी? उद्या हे पान कचरा. केरात जातं."

"ते उद्या केरात जाऊ नये, एवढ्यासाठीच तर मध्यवर्ती बँक असते! बाकीची कामं नंतर. गरिबाच्या गळ्यातला रुपया आणि सावकाराच्या तिजोरीतला रुपया एकच, हे तिनं रोज सांभाळायचं. तिचं पहिलं काम शब्द पाळणं."

"चूक. तिचं पहिलं काम पहारा. आणि पहारेकऱ्यानं दया केली की घरात चोर शिरतो."

"माझी माय चोर होती?"

तिथं यायचं ते भांडण दरवर्षी. तिथं आलं की तुम्ही उठून अडकित्ता शोधायला लागायचात. काकू पुरणपोळीवर तूप वाढायच्या, जास्तीचं.

एका वर्षी मात्र तुम्ही उठला नाहीत. म्हणालात, "नोटेवर वचन असतं, खाली सही असते. ती सही करणारा मुंबईत बसतो. लोकांच्या तोंडाला तोंड मी देतो. उद्या एखादं नाणं खोटं निघालं, तर त्याची सही पुसतात का? माझं नाव पुसतात." मग जरा थांबून, हलक्या आवाजात म्हणालात, "ॲक्शननंतर आमच्या कचेरीतली माणसं जाताना मी बघितलीत, किसन. काल शेजारी बसून डबा खाल्लेला माणूस आज नाही. कुठं गेला, विचारायचं नाही. जुन्या राज्यातला, एवढाच गुन्हा. मीही जुन्याच राज्यातला. त्यात इंग्रजी येत नाही. मागं नवे साहेब. आणि तू भर कचेरीत म्हणतोस, मी कागद वाचून दाखवला!"

त्या वर्षी मी पुरणपोळी संपवली आणि उठलो. घरी जाताना मला वाईटही वाटलं. मी त्या दिवशी खिडकीवर काय बोलून बसलो होतो, ते मला पहिल्यांदा कळलं. पण शहागंजपर्यंत सायकल मारली आणि राग परत आला. भीती मला समजते. मी कुणब्याचा पोरगा आहे, भीती पाहिली नाही असं नाही. पण भ्यायलेला माणूस निदान भ्यालो म्हणून सांगतो. तुम्ही भीतीला कायद्याचा कोट शिवलात, आणि तो कोट घालून तीस वर्षं उस्मानपुऱ्यात ताठ मानेनं फिरलात. लोक रस्त्यानं हात जोडायचे. काल त्याच कोटाला हार घातला सगळ्यांनी.

माझ्या मनात तुमच्यासाठी एक सोय होती, ती सांगतो. मी समजत होतो की तुमचं सोनाराशी संधान असणार. खिडकीवरून परत पाठवलेल्या बायका कुठं जाणार? सोनाराकडंच. तो चांदीच्या भावात चारमिनार घेणार आणि तुमचा वाटा तुम्हाला पोचवणार. याला पुरावा काही नव्हता. पण तसं धरलं की बरं वाटायचं. माणूस चोर होता, विषय संपला. चोराला माफ करता येतं.

आता दवाखान्यातलं. हे काल तर सोडाच, काकूंनाही मी सांगितलेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी भेटायला आलो होतो. काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुमच्या नाकात नळी. तुम्ही बोटानं मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, पाणी हवं असेल. तुम्ही म्हणालात, "किसन, त्या कागदात नक्की काय होतं रे?"

"कोणत्या कागदात, काका?"

"कड्यांच्या. कडी लावलेल्या नाण्यांचा. तू वाचला होतास."

तीस वर्षांनी. नळी नाकात. मला तो कागद शब्दन् शब्द पाठ होता, आजही आहे. मी बँकेत नोकरीला लागलो तो त्या एका वाक्याच्या जोरावर. दर दसऱ्याला ते वाक्य तोंडावर मारून तुमच्याशी भांडलो. आणि ज्या दिवशी तुम्ही स्वतःहून विचारलंत, त्या दिवशी मी तुमच्याकडं न बघता, सलाईनच्या बाटलीकडं बघत म्हणालो, "आठवत नाही, काका. लई दिवस झाले."

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि भिंतीकडं तोंड केलंत.

मला जिंकल्यासारखं वाटलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत वाटलं. मग पुढं पाऊल टाकवेना. कारण खिडकीवरून माणसाला परत कसं पाठवायचं, ते मी तुमच्याकडूनच शिकलो होतो, आणि चांगलं शिकलो होतो. वर परत जायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, उद्या येऊ. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे माझ्याकडं बाकी राहिलं. याचं तुम्हाला काय वाटलं, ते आता कळायचं नाही.

काल पंगती उठल्या, मंडपवाला खुर्च्या रचायला लागला, आणि काकूंनी मला आत बोलावलं. दुपारची वेळ. तुमचा हार घातलेला फोटो खुर्चीवर. काकूंनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पुरचुंडी काढली. सोडली. लाल दोऱ्यात ओवलेले, वर कड्या झाळलेले चारमिनार. काळे पडलेले. पंधरा होते.

"माझ्या माहेरची," त्या म्हणाल्या. "तुझी माय आली ना कचेरीत, त्याच्या आदल्या आठवड्यात मीही गेले होते."

मी डब्याशेजारी खाली बसलो.

"शिवणाचं मशीन घ्यायचं मनात होतं. यांना सांगितलं असतं तर नको म्हणाले असते. म्हटलं, सगळ्या बायका जातात तशी रांगेतून जाऊ. डोक्यावरून पदर घेतला, एवढा पुढं ओढला. वाटलं, ओळखलं नाही तर नियमानं देतील, ओळखलं तर प्रेमानं देतील. दोन्हीकडून आपलं काम होतंय."

"मग?"

"ओळखलं. हात बघून ओळखलं. आणि म्हणाले, पुढचा."

त्या हसल्या, काका. त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्या हसल्या.

"घरी आले, कोट काढला. मी म्हटलं, जेवर आहे ना, मग घालते गळ्यात. तर ओरडले. सरकारी सिक्क्याला कडी ठोकलीय, कुणी बघितलं तर नोकरी जाईल, ठेव आत. तेव्हापासून तांदळात आहे. तांदूळ बदलले, ही तशीच."

खिडकीवर तो दागिना होता म्हणून पैसे मिळाले नाहीत, घरात तो सिक्का होता म्हणून गळ्यात घालता आला नाही. एकाच बाईला, एकाच दिवशी. वा काका! माझ्या मायची माळ निदान तिच्या गळ्यात राहिली, ती मरेपर्यंत.

तर सोनार नव्हता. संधान नव्हतं. तुम्ही चोर नव्हता. तुम्ही सगळ्यांना सारखंच परत पाठवलंत, आपल्या बायकोलासुद्धा, आणि कालची सगळी सभा याला न्याय म्हणाली असती. माझी तीस वर्षांची सोय काकूंनी तांदळाच्या डब्यातून काढून माझ्या पुढ्यात टाकली. तुम्ही चोर असतात तर मी तुम्हाला आज माफ करून मोकळा झालो असतो. प्रामाणिक होतात, म्हणून करता येत नाही. ज्याच्या हाती खात्री दिली होती, त्यानं ती एकदाही कुणासाठी वापरली नाही. घरच्या माणसासाठी नाही आणि परक्यासाठीही नाही. जपून ठेवली. आणि ती घेऊनच गेलात.

मग दवाखान्यात तुम्ही कुणासाठी विचारलंत? माझ्या मायसाठी, की या पुरचुंडीसाठी? मी सांगितलं असतं, तर काकूंना हाक मारली असतीत का? मला ठाऊक नाही. मी ते कळायची वाटच बंद करून आलो.

काकूंनी माळ माझ्या हातात दिली. "तू बँकेतला. आता तरी बदलून मिळतील का रे?"

माझ्या हातात ते पंधरा रुपये होते आणि समोर ती बाई. खोटं बोलता आलं असतं. खिशातून पैसे काढून देता आले असते, आणि मी तुमच्यासारखाच उदार ठरलो असतो. हात खिशाकडं गेलाही होता. तो मी मागं घेतला.

"नाही, काकू," मी म्हणालो. "मुदत कधीच गेली. आता हा रुपया नाही. पण त्या कागदात लिहिलं होतं, की तेव्हा तुम्हाला मिळायला हवे होते. तुमचा हक्क होता. मी स्वतः वाचलं होतं."

"होता ना?"

"होता."

त्यांनी मान हलवली. जे हवं होतं ते मिळाल्यासारखी. "आणि आता काय आहे हे?"

"आता दागिना आहे."

"नक्की? बघ हं. परत कुणी म्हणायचं, सिक्का आहे."

"नक्की. माझी खात्री आहे."

त्यांनी माळ पदरानं पुसली. तेरावा दिवस, कपाळ रिकामं, गळा रिकामा. दाराशी दोन बायका भांडी घेऊन थबकल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. काकूंनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. दोऱ्याची गाठ त्यांच्यानं मागं बसेना, ती मी मारून दिली. मग त्या तुमच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर, रांगेत उभ्या होत्या तशाच, आणि म्हणाल्या, "बघा. आता सांगा, काय आहे हे?"

मी वाट पाहिली, काका. त्यांनीही पाहिली. तुम्ही पुढचा म्हणाला नाहीत.